फाईल उघडत नाही, हा विद्यार्थ्याचा गुन्हा नाही

गेल्या हिवाळ्यात, सेमिस्टरच्या परीक्षा सुरू असताना, रात्री साडेअकराला माझ्या व्हॉट्सॲपवर एक फाईल आली. पाठवणारी मिरजेतल्या आमच्याच गल्लीतली मुलगी. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या अब्बांचं आणि माझ्या अब्बांचं जुनं येणंजाणं, म्हणून ती मला भाई म्हणते. फाईलखाली तिने लिहिलं होतं, "भाई, सरांनी पीपीटी टाकलीय. उघडंना. उद्या पेपर हाय."

मी पुण्यात, माझ्यासमोर कंपनीचा लॅपटॉप. मी क्लिक केलं आणि फाईल पाच सेकंदांत उघडली. ट्रान्सफॉर्मरवरचे ऐंशीएक स्लाईड होते. सर्किटच्या आकृत्या, समीकरणं, मधेमधे फोटो. मग तिच्याकडून तिच्या स्क्रीनचे फोटो मागवले. मोबाईलमध्ये आधीपासून असलेल्या एका ॲपने फाईल कशीबशी उघडली होती, पण समीकरणांच्या जागी रिकामे चौकोन होते, आकृतीतले बाण भलतीकडेच गेले होते आणि शीर्षकाची ओळ मजकुरावर चढून बसली होती. दुसरं ॲप घ्यावं तर फोनमध्ये जागा नव्हती. फोनही तिचा एकटीचा नाही, धाकट्या भावासोबत वाटून घेतलेला.

मी ती फाईल पीडीएफ करून परत पाठवली. मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. फाईलचा आकारही कितीतरी कमी झाला. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "आता सगळं दिसतंय. मला वाटलं माझाच मोबाईल फालतू हाय."

हा लेख मी त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितोय.

दुसऱ्या दिवशी पेपर झाल्यावर मी तिला विचारलं, "वर्गातल्या बाकीच्यांचं काय? कुणी सरांना सांगितलं नाही का?" ती म्हणाली, "एका मुलाने सांगितलं होतं. सर म्हणाले, लॅपटॉप घेता येत नसेल तर या लाईनला आलास कशाला. मग कुणी बोललंच नाही."

त्या सरांचं किंवा त्या कॉलेजचं नाव मी इथे लिहिणार नाही. एका माणसाला धारेवर धरून काही साधणार नाही, कारण असे सर सगळीकडे आहेत, आणि त्यातले बरेच जण मनाने वाईट नाहीत. शिवाय पुढे सांगणार आहे, त्यातला एक मीही होतो.

चूक पाठवणाऱ्याची

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका यंत्रणेने तयार केलेली माहिती दुसऱ्या यंत्रणेला नीट वाचता यावी, या कामाचा मी पगार घेतो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. आम्ही पाठवलेली माहिती समोरच्याला वाचता आली नाही, तर ती आमची चूक धरली जाते. आम्ही ग्राहकाला "तुमचा कॉम्प्युटर बदला" असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी कंत्राट जाईल. समोरच्याकडे काय आहे, हे आधी विचारणं आणि त्याला पेलेल अशा रूपात माहिती देणं, हे आमच्या कामातच धरलेलं आहे.

मग शिक्षणात हा नियम उलटा का होतो? पैसे देणाऱ्या ग्राहकासाठी पाठवणारा जबाबदार आणि फी भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घेणारा जबाबदार, हा कुठला न्याय? पाठवणारे सर एक. घेणारी मुलं साठ. सरांनी एकदा एक मिनिट दिला, तर साठ जणांचं काम होतं. सरांनी तो वाचवला, की साठ मुलं आपापल्या घरी ॲप शोधत, फोनमधले फोटो पुसत, मित्राकडे विनवण्या करत बसतात. त्यातली काही मुलं शेवटी नाद सोडतात. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, तोच आधी नाद सोडतो. कोणत्या प्रकारची फाईल पाठवायची हे ठरवताना, वर्गात कोण बसणार हेही आपण ठरवत असतो.

अब्बांचा तेरा नंबरचा पाना

माझे अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांच्या पेटीत एक बारा-तेरा पाना होता, एका टोकाला बारा नंबर, दुसऱ्या टोकाला तेरा. लहानपणी मी विचारायचो, प्रत्येक गाडीसाठी वेगळा पाना लागत नाही का? ते हसायचे. आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे तेराचाच पाना बसतो, मग बोल्ट कुठल्या कारखान्यातला का असेना आणि पाना कुठल्या दुकानातला का असेना. कारण मापं सगळ्यांनी मिळून ठरवलेली आहेत आणि ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत. बोल्ट विकणाऱ्याने "माझाच पाना घ्या" म्हटलं असतं, तर अब्बांना एक बस दुरुस्त करायला दहा पेट्या लागल्या असत्या.

फाईलींच्या जगातही अशी मापं आहेत. त्यांना खुली मानकं म्हणतात. पीडीएफ हा प्रकार अडोब कंपनीने १९९३ मध्ये आणला, पण २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. कुणीही पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर बनवू शकतो, आणि म्हणूनच आज ते जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि बहुतेक फोनमध्ये आधीपासून असतं. लेखन, तक्ते आणि स्लाईड यांच्यासाठी ओपन डॉक्युमेंट नावाचं मानक २००६ मध्येच मान्य झालं. लिबरऑफिस हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर तेच वापरतं.

पॉवरपॉइंटची गोष्ट वेगळी आहे. हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी काढलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक पट्ट्या तयार करणं, हा त्याचा मूळ उद्देश. म्हणजे जन्मापासूनच हे बोलणाऱ्याचं हत्यार आहे. ऐकणाऱ्याने ते घरी नेऊन अभ्यास करावा, यासाठी ते कधीच बनलेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, पीपीटीएक्ससुद्धा आता मानकच आहे. खरं आहे. २००८ मध्ये त्यालाही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पण त्या मानकाचं वर्णनच सहा हजारांहून जास्त पानांचं होतं, आणि त्या मतदानात भारताने विरोधात मत दिलं होतं, हेही लक्षात ठेवा. कागदावर खुलं असलेलं मानक इतकं अवाढव्य असेल, तर ते जसंच्या तसं दाखवणं मूळ कंपनीशिवाय इतरांना जड जातं. तिच्या फोनवर जे रिकामे चौकोन दिसले, ते याचंच फळ. शिवाय अक्षरांचा प्रश्न वेगळा. सरांच्या लॅपटॉपवरचा फॉन्ट फोनमध्ये नसतो, फोन त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसवतो, अक्षरं थोडी रुंद होतात आणि अख्ख्या स्लाईडची मांडणी कोलमडते. पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलच्या आतच बांधलेला असतो, त्यामुळे ही भानगड होत नाही.

तीस रुपयांची सीडी

आता माझं सांगतो. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा घरात एक जुना, दुसऱ्याने वापरलेला कॉम्प्युटर होता. अब्बांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला. सर पेन ड्राईव्हवर पीपीटी द्यायचे. घरच्या कॉम्प्युटरवर ती उघडायचं सॉफ्टवेअर नव्हतं आणि ते विकत घ्यायचं तर अब्बांचा बराचसा पगार गेला असता. मग मी तेच केलं जे वर्गातल्या प्रत्येकाने केलं होतं. स्टँडजवळच्या एका दुकानातून तीस रुपयांची सीडी आणली. चोरीची. सीडीवर मार्करने लिहिलेला नंबर टाकला, की झालं.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आज वाटतं. माझे अब्बा डेपोतला एक नटसुद्धा खिशात घालून घरी आणत नसत. महिनाअखेरीला हात तंग असायचा, पण "हलाल कमाई" हा शब्द आमच्या घरात भिंतीवर टांगायचा नव्हता, तो रोज जगला जायचा. आणि त्याच घरात त्यांचा मुलगा चोरीच्या सॉफ्टवेअरवर अभ्यास करून पास होत होता. त्यांना ते कळलं नाही, मला ते खुपलं नाही, आणि कॉलेजला त्याची पूर्ण कल्पना होती.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो कुणी बोलत नाही. महागडं सॉफ्टवेअर लागेल अशी फाईल द्यायची, ते सॉफ्टवेअर द्यायचं नाही, आणि मुलं ते कुठून आणतात याकडे डोळेझाक करायची. याचा अर्थ संस्थेने मुलाला चोरीच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. वर नैतिक मूल्यांचा तास वेगळा असतोच! त्या सीडीतून आलेल्या व्हायरसने तिसऱ्या वर्षी माझा प्रोजेक्ट खाल्ला, ते एक सोडा. पण आपण आयुष्याच्या पहिल्याच व्यावसायिक पायरीवर "चालतं रे, सगळेच करतात" हे शिकलो, ते नुकसान मोठं होतं. आज सीडी गेली. तिच्या जागी टेलिग्रामवर फिरणारी फोडलेली ॲप आली आहेत. त्या ॲपना मुलांच्या फोनमधले फोटो, संपर्क, मेसेज सगळं दिसतं. सीडीपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे.

"पण फुकट ॲप आहेत की!"

हे मी शिक्षकांकडून, मित्रांकडून, माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे. त्यामुळे सगळ्या हरकती एकेक करून घेतो.

पहिली हरकत: मोबाईलवर पॉवरपॉइंट, गुगल स्लाईड्स, आणखी कितीतरी ॲप फुकट आहेत. आहेत. पण त्यासाठी फोनमध्ये जागा लागते, डेटा लागतो, खातं उघडावं लागतं, काहींत दर दोन मिनिटांनी जाहिरात बघावी लागते. एवढं करूनही मांडणी बिघडते ती बिघडतेच. शिवाय आज फुकट आहे ते उद्या राहील याची हमी नाही. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा फुकट पॉवरपॉइंट व्ह्यूअर होता. नुसती फाईल बघण्यापुरता. तो त्यांनी २०१८ मध्ये बंद केला. कंपनीने काय फुकट द्यावं हा तिचा प्रश्न आहे. माझ्या मोहल्ल्यातल्या मुलीचा अभ्यास तिच्या मर्जीवर का चालावा, हा माझा प्रश्न आहे.

दुसरी हरकत: पीडीएफमध्ये ॲनिमेशन जातं. हे खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही. एकाच स्लाईडवर एकामागून एक पाच आकृत्या येत असतील, तर पीडीएफमध्ये त्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. उपाय सोपा आहे. त्या स्लाईडच्या पाच प्रती करा, प्रत्येक प्रतीत एक पायरी वाढवा. ट्रान्सफॉर्मर समजावताना हे उलट जास्त उपयोगी पडतं, कारण मूल प्रत्येक पायरीवर थांबून विचार करू शकतं. आणि जे ॲनिमेशन नुसतं अक्षरं गरगर फिरवण्यासाठी आहे, ते गेलं तर कुणाचं काय बिघडलं?

तिसरी हरकत: माझी पीपीटी कुणी चोरून स्वतःच्या नावाने वापरेल. सर, मग तुम्ही पीपीटी का देताय? तिच्यातलं नाव बदलायला दहा सेकंद लागतात. पीडीएफ त्या मानाने अवघड आहे.

चौथी हरकत: फाईल दिली की मुलं वर्गात येत नाहीत. पण फाईल तर तुम्ही देताच आहात. फक्त ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याला ती मिळते, आणि ज्याच्याकडे नाही त्याला मिळत नाही. हजेरी वाढवण्याची ही पद्धत असेल, तर ती फक्त गरिबांना लागू आहे.

पाचवी हरकत: उद्या नोकरीत पॉवरपॉइंट लागणारच, आत्ताच शिकू द्या. जरूर शिकवा. कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या मशीनवर, कॉलेजने घेतलेल्या परवान्यावर शिकवा. पण ट्रान्सफॉर्मरच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती परीक्षा घेऊ नका. शिवाय स्लाईड करायला शिकायच्या असतील तर लिबरऑफिस इम्प्रेसवरही शिकता येतात. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांनी आयटी ॲट स्कूल या कार्यक्रमातून खुल्या सॉफ्टवेअरची वाट धरली, आणि गेली कित्येक वर्षं तिथली लाखो मुलं लिनक्स आणि खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. ती मुलं नोकरीत मागे पडली असं काही मी ऐकलेलं नाही. माझ्या टीममध्ये मलयाळी मुलं आहेत, आणि ती आमच्यापेक्षा एक पाऊल पुढेच असतात.

हे जगावेगळं मागणं नाही

आपण काही नवीन मागतोय असंही नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. सरकारी माहिती कुणा एका कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बांधलेली नसावी, हा त्याचा गाभा. ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये ठरवलं, की लोकांना नुसती वाचायला द्यायची सरकारी कागदपत्रं वेबपानाच्या किंवा पीडीएफच्या रूपात द्यायची, आणि मिळून काम करायच्या फाईली ओपन डॉक्युमेंटमध्ये ठेवायच्या. तर्क साधा होता. नागरिकाला सरकारशी बोलण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायला लावू नये.

शिक्षणातली उदाहरणं तर आपल्या हाताशी आहेत. आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. आपल्यापैकी किती जण त्या व्हिडिओंवर आणि नोट्सवर पास झालो! अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम सगळ्यांसाठी खुले करायचं जाहीर केलं. तिथल्या बहुतेक लेक्चर नोट्स पीडीएफमध्ये असतात. जगातल्या नावाजलेल्या संस्थेचा प्राध्यापक पीडीएफ देऊ शकतो, तर आपल्या तालुक्यातल्या सरांना ते कमीपणाचं का वाटावं?

मराठीचा आणि उर्दूचा वेगळा त्रास

इथपर्यंत इंग्रजी स्लाईडचं बोललो. मराठीतून शिकवणाऱ्यांच्या फाईलींची तऱ्हा याहून वाईट. अजूनही कितीतरी शिक्षक श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या स्लाईड पाठवतात. या फॉन्टची गंमत अशी, की फाईलच्या आत मराठी नसतंच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे नंबर असतात, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर मुखवटा गळून पडतो आणि उरतो तो निव्वळ कचरा. इतिहासाच्या एका स्लाईडवर मी शिवकाळाच्या जागी टक्के, कंस आणि उद्गारचिन्हांची रांग पाहिली आहे.

यावर पीडीएफ हा अर्धाच उपाय आहे. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतील, पण ती शोधता येणार नाहीत, कॉपी केली तर पुन्हा कचराच येईल, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो कचराच वाचेल. पूर्ण उपाय युनिकोडमध्ये टाईप करण्याचा आहे. मुक्ता, बालू, नोटो असे सुंदर देवनागरी फॉन्ट आज फुकट आणि खुल्या परवान्यावर मिळतात. मोबाईलवर तुम्ही मराठीत मेसेज लिहिता, तो युनिकोडच आहे. म्हणजे हे तंत्र तुमच्या अंगठ्याखाली आधीच आहे.

उर्दू माध्यमात शिकलेल्या आपल्या वाचकांना इनपेज आठवत असेल. १९९४ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरने नस्तालीक कॉम्प्युटरवर आणली, हे त्याचं मोठं काम. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर त्याच्या स्वतःच्या सांकेतिक नंबरांत असायचा. इनपेज नसेल तर फाईल मुकी. मग उस्ताद काय करायचे? पानाचा फोटो काढून पाठवायचे. फोटो दिसतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही, मोठा केला की फाटतो, आणि दृष्टिहीन मुलाला तो काहीच सांगत नाही. आज उर्दूसाठीही युनिकोड नस्तालीक फॉन्ट फुकट उपलब्ध आहेत. तरी फोटोची सवय सुटलेली नाही.

आपलं घरही तपासू

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी मी आणि काही मित्रांनी मोहल्ल्यात दर रविवारी दहावी-बारावीच्या मुलांसाठी गणित-विज्ञानाचा वर्ग सुरू केला. मी पुण्याहून पंधरा दिवसांतून एकदा जायचो. मोठ्या हौसेने स्लाईड बनवायचो, आणि रात्री ग्रुपवर पीपीटी टाकून द्यायचो. वर्गात तीसएक मुलं. दोन महिने एकानेही तक्रार केली नाही. मी समजत होतो, मुलं वाचतायत.

मग एकदा फळ्यावर विचारलेला प्रश्न कुणालाच येईना. तो स्लाईडवर जसाच्या तसा होता. मी चिडून विचारलं, "फाईल बघितली का?" सगळे खाली बघायला लागले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हळूच सांगितलं, "सर, आमच्यात फाईल फक्त दोघांच्या मोबाईलवर उघडते."

दोन महिने! गरीब वस्तीत, आपल्याच मुलांसाठी, आपल्याच पैशाने वर्ग चालवणारा मी, आणि एक साधा प्रश्न विचारला नव्हता. त्या डिप्लोमाच्या सरांपेक्षा मी वेगळा कुठे होतो? फक्त टोमणा मारला नव्हता एवढंच. मुलांना मात्र तोच टोमणा न मारताही ऐकू आला होता.

म्हणून हे नुसतं कॉलेजांना बोलून भागणार नाही. आपली मार्गदर्शन शिबिरं, शिष्यवृत्तीच्या माहितीचे ग्रुप, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, सगळीकडे तेच चालू आहे. आपण म्हणतो, आपली मुलं मागे का? मग आपल्याच ग्रुपवर अशी फाईल टाकतो जी अर्ध्या मुलांना उघडत नाही, आणि खाली लिहितो, "जास्तीत जास्त शेअर करा."

काय करायचं

शिकवणाऱ्यांसाठी, मग तुम्ही प्राध्यापक असा की रविवारचे स्वयंसेवक:

पीपीटी पाठवायच्या आधी तिची पीडीएफ करा. पॉवरपॉइंटमध्ये सेव्ह ॲजमध्ये जाऊन प्रकार पीडीएफ निवडा. गुगल स्लाईड्समध्ये डाऊनलोडमध्ये पीडीएफ आहे. लिबरऑफिसमध्ये त्यासाठी सरळ एक बटण आहे. सोबत मूळ फाईलही द्यायची असेल तर द्या, पण पीडीएफच्या जोडीने, तिच्याऐवजी नको.

नुसत्या स्लाईडवर अभ्यास होत नाही, हेही मान्य करा. स्लाईडवर पाच शब्द असतात, बाकी तुम्ही बोलता. ते बोलणं स्लाईडखालच्या नोट्सच्या जागेत लिहा आणि पीडीएफ करताना नोट्ससह पानं निवडा. जी मुलगी त्या दिवशी आजारी होती, तिला तो तास मिळेल.

फोटो छोटे करा, व्हिडिओ फाईलच्या आत घालू नका, मराठी-उर्दू युनिकोडमध्येच टाईप करा. पाठवण्याआधी फाईल एकदा स्वस्तातल्या फोनवर उघडून बघा. घरात कुणाकडे तरी तो असतोच. आणि ज्यांच्याकडे फोनही नाही त्यांच्यासाठी एका पानावर सहा स्लाईड अशी एक प्रत झेरॉक्सच्या दुकानात ठेवा.

विद्यार्थ्यांसाठी एकच सांगणं आहे, आणि ते सगळ्यात अवघड आहे: बोला. "सर, फाईल उघडत नाही, पीडीएफ द्याल का?" हे एक वाक्य. एकट्याने बोलायला लाज वाटत असेल तर पाच जणांनी मिळून बोला. वर्गाच्या प्रतिनिधीला सांगा, लेखी द्या. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याने तर आधी बोललं पाहिजे, कारण त्याला कुणी टोमणा मारणार नाही. आणि सर ऐकेपर्यंत, जो उघडू शकतो त्याने पीडीएफ करून ग्रुपवर टाकावी. एक मिनिटाचं काम आहे.

चोरीचं सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. मी घेतलं होतं, म्हणूनच सांगतोय. कॉम्प्युटर असेल तर लिबरऑफिस घ्या. ते फुकट आहे आणि ते वापरायला कुणाची नजर चुकवावी लागत नाही.

आमच्या रविवारच्या वर्गात आता फक्त पीडीएफ जाते. ती डिप्लोमावाली मुलगी सुट्टीत तिथे आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. परवा तिने ग्रुपवर पहिली फाईल टाकली. त्याखाली लिहिलं होतं, "कुणाला उघडत नसेल तर मला सांगा. मी दुसरी करून देते."

सरांनी त्या रात्री एवढंच लिहिलं असतं, तर पुरे होतं.